डायव्ह कॉम्प्युटरमधले बाइट्स कोणाचे?

(ऐकण्यापेक्षा वाचणं आवडणाऱ्यांसाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना जितक्या वेळा 'म्हणजे बघा' आलं, त्यातलं अर्धं काढलंय. अर्धं तसंच आहे.)

आजची गोष्ट २८ ऑगस्ट २०११ पासून सुरू करू. लिनक्स कर्नलचा कोड ज्या सर्व्हरवर असतो, त्या कर्नल डॉट ऑर्गमध्ये कोणीतरी शिरलंय, हे त्या दिवशी लक्षात आलं. कोडला धक्का लागला नव्हता. गिटमध्ये प्रत्येक बदलाला त्याच्या मजकुरावरून काढलेला हॅश असतो, आणि त्या कोडच्या हजारो प्रती जगभरच्या डेव्हलपरांकडे होत्या. कोणी गुपचूप एक ओळ जरी बदलली असती तरी हॅश जुळले नसते. पण सगळे सर्व्हर पुसून नव्याने उभे करायचे म्हणजे वेळ लागणारच. सप्टेंबरचा बहुतेक महिना ती साइट बंद राहिली. लिनस टॉरवाल्ड्सने कर्नलची प्रत तात्पुरती गिटहबवर टाकली, काम रखडत रखडत चालू ठेवलं, आणि ३.१ आवृत्ती शेवटी २४ ऑक्टोबरला आली.

म्हणजे काय झालं, तर जो माणूस एरवी दिवसभर दुसऱ्यांचे पॅच मर्ज करत असतो, त्याच्या हातात अचानक मोकळा वेळ आला. २००५ च्या एप्रिलमध्ये बिटकीपर वापरता येईनासं झालं, तेव्हा याने गिट लिहायला घेतलं होतं. या वेळी त्याने पाण्याखाली मारलेल्या डायव्हची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. नाव सबसर्फेस.

वाचून वाटतं, श्रीमंत देशातल्या माणसाचा छंद आहे, दुसरं काय. मलाही तसंच वाटलं होतं. मग एका शनिवारी कोड उघडून बसलो, आणि त्यामागचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास वाचावाच लागला. कारण त्या प्रोग्रॅममधला जवळजवळ प्रत्येक व्हेरिएबल कुणाच्या तरी दुखऱ्या गुडघ्याशी जाऊन पोचतो.

आधी गुडघ्याचं सांगतो.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ किंवा तारकर्लीला तुमच्यापैकी काहींनी स्कूबा केलं असेल. इन्स्ट्रक्टर हाताला धरून काही मीटर खाली नेतो, मासे दाखवतो, व्हिडिओ काढतो, वर आणतो. तेवढ्यात शरीराला फारसं काही कळत नाही. पण पाण्यात दर १० मीटरला दाब साधारण १ बारने वाढतो. ३० मीटरवर तो ४ बार होतो, कारण वर हवेचा १ बार आधीच असतो. त्या खोलीवर तुम्ही घेता तो प्रत्येक श्वास चौपट दाबाचा असतो, आणि हवेतला ७९ टक्के नायट्रोजन त्याच दाबाने रक्तात, चरबीत, सांध्यांत विरघळत जातो. जितका वेळ खाली, तितका जास्त विरघळतो. आता गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी आत ढकलली की दाब एकदम उतरतो आणि बुडबुडे फसफसून वर येतात. खोलवर बराच वेळ काढून माणूस भसकन वर आला तर त्याच्या आत हेच होतं, फक्त बाटलीच्या जागी सांधे आणि मज्जारज्जू असतात. सांधे दुखण्यापासून कायमचं पांगळं होण्यापर्यंत काहीही होऊ शकतं, जीवही जाऊ शकतो.

हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कळलं ते समुद्रात नाही, पुलांच्या पायात. १८७० च्या दशकात अमेरिकेत सेंट लुईसचा ईड्स पूल आणि न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधताना नदीच्या तळाशी कॅसन नावाच्या प्रचंड पेट्या उतरवल्या होत्या. पाणी आत येऊ नये म्हणून त्यांत दाबाने हवा भरलेली, आणि त्या हवेत मजूर खोदकाम करायचे. पाळी संपवून वर आले की कुणाचे सांधे धरायचे, कुणाचे पाय जायचे, काही जण मेले. ब्रुकलिन पुलाचा मुख्य इंजिनियर वॉशिंग्टन रोबलिंग यालाही हा आजार झाला. पुढची अनेक वर्षं तो घरात पडून होता आणि त्याची बायको एमिली साइटवर निरोप, सूचना, हिशेब घेऊन जायची. १८७८ मध्ये फ्रान्सच्या पॉल बेर यांनी दाखवून दिलं की दोषी नायट्रोजनचे बुडबुडे आहेत आणि उपाय म्हणजे हळू वर येणं. पण हळू म्हणजे किती हळू?

या 'किती'ला आकडा मिळाला १९०८ मध्ये. ब्रिटिश नौदलासाठी जॉन स्कॉट हॉल्डेन, आर्थर बॉयकॉट आणि नौदलातले गाय डेमंट यांनी बकऱ्यांवर प्रयोग केले. बकऱ्या का? आकाराने त्या उंदरा-सशांपेक्षा माणसाला जवळच्या, आणि त्यांच्यात दुखणं दिसतं. सांधा दुखायला लागला की बकरी पुढचा पाय उचलून धरते. बिचारीला बोलता येत नाही, पण डेटा पॉइंट मिळतो. नंतर डेमंट स्वतः स्कॉटलंडच्या पाण्यात २१० फुटांपर्यंत उतरले. (पुढे भारतात स्थायिक झालेले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारलेले शास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन हे याच हॉल्डेनांचे चिरंजीव.)

हॉल्डेन यांची खरी करामत मॉडेलमध्ये आहे. शरीर म्हणजे एक टाकी नाही, पाच टाक्या आहेत असं त्यांनी धरलं. प्रत्येक टाकी वेगळ्या वेगाने भरते आणि रिकामी होते. त्यांचे हाफ-टाइम ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटं. हाफ-टाइम ५ म्हणजे पाच मिनिटांत टाकी अर्धी भरते, दहा मिनिटांत तीन चतुर्थांश, पंधरा मिनिटांत साडेसत्त्याऐंशी टक्के. इंजिनियरिंगवाल्यांनो, हे एम-टूमधलं पहिल्या ऑर्डरचं डिफरन्शियल इक्वेशन आहे, ज्याबद्दल आपण 'हे आयुष्यात कुठे लागणार' असं विचारायचो. या पाच टाक्या शरीरात कुठे बोट ठेवून दाखवता येत नाहीत. ती कल्पना आहे, पण तिच्यावर बेतलेल्या तक्त्यांनी माणसं वाचली. इतक्या खोलीवर इतका वेळ राहिलात तर वर येताना इथे थांबा, इतकी मिनिटं थांबा. पुढची कित्येक दशकं पाणबुडे असे छापील तक्ते घेऊन जगले.

तक्त्याची अडचण अशी की तो धरून चालतो तुम्ही पूर्ण वेळ सगळ्यात खोल जागीच होता. प्रत्यक्षात माणूस वर-खाली करत असतो. मग मनगटावर एक छोटं यंत्र असावं, त्याने दर काही सेकंदांनी दाब मोजावा आणि सगळ्या टाक्यांचं गणित तिथल्या तिथे करावं, ही कल्पना येणारच होती. १९८३ च्या आसपास अशी इलेक्ट्रॉनिक यंत्रं बाजारात आली, अमेरिकेत एज, स्वित्झर्लंडमध्ये डेकोब्रेन. १९८७ मध्ये फिनलंडच्या सूंतो कंपनीने आपलं पहिलं आणलं. ही मूळची होकायंत्रं बनवणारी, १९३६ सालची कंपनी. दरम्यान झुरिकचे डॉक्टर अल्बर्ट ब्यूलमान यांनी टाक्या वाढवून १६ केल्या, सगळ्यात मंद टाकीचा नायट्रोजनसाठीचा हाफ-टाइम ६३५ मिनिटं, आणि मुख्य म्हणजे सगळे आकडे पुस्तकात छापून टाकले. कोणीही उचला, वापरा. आजही अनेक डायव्ह कॉम्प्युटरांच्या आत त्यांचंच मॉडेल किंवा त्याचा सुधारलेला अवतार चालतो.

थोडक्यात, जीव वाचवणारं गणित उघडं होतं. बंद केलं गेलं ते दुसरंच काहीतरी.

डायव्ह कॉम्प्युटर टाक्यांचं गणित करतो तेव्हा खोली आणि वेळ मेमरीतही लिहून ठेवतो. पुढे कंपन्यांनी केबल विकायला सुरुवात केली. कॉम्प्युटर पीसीला जोडा, आमचं सॉफ्टवेअर टाका, तुमच्या डायव्हचा ग्राफ बघा. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा विंडोजचं. मेमरीत बाइट्स कसे मांडलेत, केबलवर काय बोलायचं, हे सहसा कुठेच छापलेलं नसायचं. मला यात प्रत्येक वेळी कट-कारस्थान दिसत नाही. मीही अशा फर्मवेअरचे लॉग वाचण्यावरच पोट भरतो, आणि अनुभव असा की निम्म्या वेळा फॉरमॅट गुप्त नसतो, तो कोणी लिहूनच ठेवलेला नसतो. परिणाम मात्र एकच. दहा वर्षं डायव्ह मारणाऱ्या माणसाचं शरीर कुठे किती वेळ, किती दाबाखाली होतं, याची नोंद त्याच्याच मनगटावर आहे आणि त्याला ती वाचता येत नाही. कंपनीने नव्या विंडोजसाठी सॉफ्टवेअर काढलं नाही की संपलं.

इथे येफ ड्रीसन हा प्रोग्रॅमर येतो. खरं तर आजच्या भागाचा नायक लिनसपेक्षा हाच आहे, पण थंबनेलवर लिनसचा फोटो चालतो, काय करणार. २०११ च्या काही वर्षं आधीपासून ड्रीसन लिबडायव्हकॉम्प्युटर नावाची सी भाषेतली लायब्ररी लिहीत होता. काम एकच, वेगवेगळ्या कंपन्यांच्या डायव्ह कॉम्प्युटरांशी त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलायचं आणि आतली माहिती एका सारख्या रूपात बाहेर द्यायची. लायसन्स एलजीपीएल, म्हणजे लायब्ररी कोणीही आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडू शकतो.

हे करतात कसं? अधिकृत सॉफ्टवेअर डायव्ह कॉम्प्युटरशी बोलत असताना मध्ये केबलवर कान लावून बसायचं. पीसीने चार बाइट पाठवले, पलीकडून बत्तीस आले. शेवटचा बाइट दर वेळी विचित्र बदलतो, म्हणजे तो चेकसम असणार. मग स्वतःच तसे बाइट पाठवून सगळी मेमरी उतरवून घ्यायची. हाती येतो हेक्सचा ढिगारा. डायव्ह कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर दिसतंय की कालच्या डायव्हची कमाल खोली १८.३ मीटर होती. मग ढिगाऱ्यात १८३ शोधायचं. नाही सापडलं तर फुटांत करून ६० शोधायचं. मेमरी गोल असते, भरली की जुनं पुसून पुन्हा सुरुवातीपासून लिहिते, तर गोलाचं टोक कुठे आहे ते शोधायचं. आणि हे एका मॉडेलचं झालं. ड्रीसनकडे सगळी मॉडेल्स असणं शक्यच नाही, म्हणून लोक आपापल्या यंत्रांच्या मेमरीच्या प्रती पाठवायचे. कुणीतरी, कुठेतरी, रात्री जागून १६ ऐवजी १७ क्रमांकाचा बाइट तपासतोय, असं ते काम. याला ग्लॅमर शून्य.

एक उदाहरण देतो. सूंतोचं व्हायपर नावाचं जुनं, लोकप्रिय मॉडेल. त्याच्याशी सिरियल केबलवर २४०० बिट प्रति सेकंद या वेगाने बोलावं लागतं. तुमच्या फोनवर एक मीम यायला लागतो त्या वेळात तिथे एक ओळ येईल. जागा वाचवायला व्हायपर खोली लिहीतच नाही, आधीच्या नोंदीपेक्षा किती फूट फरक पडला तेवढाच एका बाइटात लिहितो. हुशारी आहे, पण मधला एक बाइट चुकला तर तिथून पुढची सगळी डायव्ह सरकते. शिवाय मोजमाप पूर्ण फुटांत, त्यामुळे मीटरच्या ग्राफमध्ये ३०-३० सेंटिमीटरच्या पायऱ्या दिसतात. त्या पायऱ्या समुद्रात नव्हत्या, फॉरमॅटमध्ये होत्या. बाइट वाचता येणं आणि त्याचा अर्थ लागणं यातलं अंतर ते हेच.

आता लिनसकडे परत. तो डायव्हर, घरी लिनक्स, आणि लिनक्सवर चालणारं धड लॉग सॉफ्टवेअर नाही. जी होती त्यांतल्या जावावाल्या प्रोग्रॅमांवर तो इतका वैतागला होता की सबसर्फेसच्या सुरुवातीच्या रीडमीतच त्याने ते लिहून टाकलं होतं. वर आपलंही सॉफ्टवेअर अर्धवटच आहे अशी कबुलीही. डायव्ह कॉम्प्युटरांशी बोलायचं कष्टाचं काम ड्रीसनच्या लायब्ररीने केलेलं होतंच. लिनसने त्यावर काय बांधलं, तर अर्थ लावणारा भाग.

आणि तिथे त्याची जी शिस्त दिसते, तिच्यासाठी मी हा भाग करतोय. सबसर्फेसमध्ये आत कुठेही 'मीटर' किंवा 'डिग्री सेल्सियस' असा दशांश आकडा नाही. खोली पूर्णांकात, मिलिमीटरमध्ये. दाब मिलिबारमध्ये. वेळ सेकंदांत. वायूचं प्रमाण हजारात किती, म्हणजे हवेतला ऑक्सिजन २०९. आणि यातलं प्रत्येक माप सीमधल्या वेगळ्या स्ट्रक्टमध्ये गुंडाळलेलं. 'डेप्थ'मध्ये एकच फील्ड, तिचं नाव एमएम. 'प्रेशर'मध्ये एकच, नाव एमबार. कोणी झोपेत खोलीच्या जागी दाब दिला तर कंपायलर तिथेच अडवतो, आणि हात लावताना एकक काय ते तुम्हाला टाइप करावंच लागतं.

तापमानाची गंमत तर मला फारच आवडली. ते मिलिकेल्विनमध्ये आहे. ० अंश सेल्सियस म्हणजे २,७३,१५०. एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? तर बर्फाखाली डायव्ह मारणारे लोक असतात आणि तिथे पाणी खरोखर शून्य अंशाच्या आसपास असतं. सेल्सियस वापरलं तर 'शून्य' म्हणजे 'पाणी गार होतं' की 'सेन्सरने काही सांगितलंच नाही', हे कसं कळणार? केल्विनमधलं शून्य कुठल्याही पाण्यात शक्य नाही. म्हणून शून्य म्हणजे 'माहीत नाही', विषय संपला. ज्याने कधी डेटाबेसमध्ये रिकाम्या जागी शून्य भरलेलं पाहिलंय त्याला याचं मोल कळेल.

कारण कंपन्यांची यंत्रं जे आकडे देतात, त्यांतल्या प्रत्येकामागे एक न सांगितलेलं गृहीतक असतं. खोलीच घ्या. डायव्ह कॉम्प्युटर खोली मोजत नाही, मोजूच शकत नाही. तो दाब मोजतो आणि पाण्याची घनता धरून खोली काढतो. कुठली घनता? तळ्याचं गोडं पाणी लिटरला १ किलो, समुद्राचं साधारण १.०२५ ते १.०३, आणि युरोपियन मानकाप्रमाणे चालणारी यंत्रं १.०१९७ धरतात, कारण मग १० मीटरला बरोबर १ बार येतो. एकाच दोरीला धरून उतरलेल्या दोन मित्रांच्या मनगटांवर ३० मीटरच्या जवळ पाऊण-एक मीटरचा फरक सहज दिसेल आणि दोन्ही यंत्रं आपापल्या जागी बरोबर असतील. टाक्यांच्या गणिताला काही फरक पडत नाही, त्याला दाबच हवा असतो. पण लॉगमध्ये फक्त 'खोली' उतरवली आणि घनता टाकून दिली, की मूळ दाब परत काढता येत नाही.

किंवा सिलिंडर घ्या. युरोपात १२ लिटरचा सिलिंडर म्हणजे त्यात १२ लिटर पाणी मावतं. अमेरिकेत '८०'चा सिलिंडर म्हणजे ठरलेल्या दाबाला भरल्यावर त्यातून ८० घनफूट हवा निघते. म्हणजे एकीकडे भांड्याचा आकार, दुसरीकडे आतल्या मालाचा. आणि तो ८० वाला ॲल्युमिनियमचा सिलिंडर खरं तर ७७.४ घनफुटांचाच असतो! वर आणखी, २०० बारला हवा आपल्या बारावीच्या पुस्तकातल्या आदर्श वायूसारखी वागत नाही. १२ गुणिले २०० म्हणजे २४०० लिटर असं आपण म्हणू, पण प्रत्यक्षात काही टक्के कमीच हवा मावते. लिनसने तो फरकही हिशेबात घेतला. गरज होती का? नव्हती बहुतेक. पण त्याला ते सोडवेना, आणि अशा माणसाच्या हातात अर्थ लावायचं काम असलेलं बरं.

वेळेचं दुखणं वेगळंच. बहुतेक डायव्ह कॉम्प्युटरांना टाइमझोन माहीत नसतो. काही स्विस मॉडेल्स १ जानेवारी २००० पासून किती अर्धे सेकंद झाले ते मोजतात. हो, अर्धे. म्हणून लिबडायव्हकॉम्प्युटर आधी यंत्राला विचारतो, तुझ्या घड्याळात आत्ता किती वाजले? मग पीसीच्या घड्याळात किती वाजले ते बघतो आणि फरकावरून जुन्या डायव्हची वेळ काढतो. सबसर्फेसने सोपा, मला पटणारा मार्ग घेतला. डायव्हरच्या मनगटावर जी वेळ दिसत होती तीच डायव्हची वेळ. सकाळी ९ ला मारलेली डायव्ह, तुम्ही नंतर जगात कुठेही जा, सकाळी ९ चीच राहते.

आता कोणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण ग्राफ थोडा इकडे-तिकडे झाला तर कोणाचं काय बिघडतं? तर ऐका. हवेऐवजी ऑक्सिजन वाढवलेलं मिश्रण वापरतात, त्याला नायट्रॉक्स म्हणतात. ३२ टक्के ऑक्सिजन असेल तर नायट्रोजन ७९ ऐवजी ६८ टक्के, म्हणजे खाली जास्त वेळ राहता येतं. १९९५ च्या सुमारास बनलेल्या अलाडिन एअर एक्स नायट्रॉक्स या मॉडेलच्या काही यंत्रांत असा दोष होता की डायव्हर वर येऊन बोटीवर बसला, तरी कॉम्प्युटर धरून चालायचा की हा अजून नायट्रॉक्सच घेतोय. प्रत्यक्षात तो बोटीवर साधी हवा घेत असणार, चहा पीत असणार. कमी नायट्रोजन श्वासात धरला की टाक्या कागदावर लवकर रिकाम्या होतात. शरीरातल्या मात्र होत नाहीत. मग दुसऱ्या डायव्हला कॉम्प्युटर सांगणार, राहा निवांत, वेळ आहे. तो वेळ नसलेला वेळ. ही यंत्रं २००३ मध्ये परत मागवली गेली.

याच्यात सेन्सर चुकला नव्हता. दाब बरोबर, वेळ बरोबर, ब्यूलमानचं गणित बरोबर. एक इनपुट चुकीचं गृहीत धरलेलं, आणि ते बाहेरून दिसायची सोय नाही. यंत्राने सांगितलेला निष्कर्षच तेवढा तुमच्या हातात असेल तर तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे काही करू शकत नाही. पण दाब-वेळेची कच्ची नोंद हातात असेल, तर दुसरा कोणीतरी तेच गणित स्वतंत्रपणे मांडून म्हणू शकतो, थांबा, माझ्या हिशेबाने तुमच्या मंद टाक्या अजून भरलेल्या आहेत. सबसर्फेस हेच करतं. यंत्राने काय सांगितलं ते एकीकडे ठेवतं आणि नोंदींवरून १६ टाक्यांचं गणित पुन्हा करून आपली वर येण्याची मर्यादा ग्राफवर काढतं. एकाच डायव्हला दोन कॉम्प्युटर वापरले असतील तर दोन्हींच्या नोंदी एका डायव्हखाली जपतं, त्यांची सरासरी काढून गोड खिचडी करत नाही. कच्च्या नोंदींची किंमत वैद्यकवाल्यांनाही आहे. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कने १९९० च्या दशकापासून डायव्हरांकडून अशा प्रोफाइल गोळा केल्या, त्यासाठी हॉस्पिटलांच्या एचएल७ वर बेतलेला डीएल७ नावाचा फॉरमॅटही आहे. हॉल्डेनच्या बकऱ्यांनी पाय उचलून जे सांगितलं, ते आता फायलींतून यायला लागलं, एवढंच.

सगळेच निर्माते दार लावून बसले नव्हते, हेही सांगायला हवं. जर्मनीतल्या हाइनरिक्स वाइकाम्प कंपनीने ओएसटीसी नावाच्या डायव्ह कॉम्प्युटरचं फर्मवेअरच ओपन सोर्स ठेवलं. तिथे केबलवर कान लावायची गरज नाही, कोड वाचा.

पुढचा भाग भरभर सांगतो. २०१२ मध्ये लिनसने सबसर्फेसची सूत्रं डर्क होन्डेलकडे दिली. कॉन्फरन्समध्ये लिनसची मुलाखत घेणारे गृहस्थ असतात ना, तेच, आणि तेही डायव्हर. डिसेंबर २०१३ च्या ४.० आवृत्तीत सगळा इंटरफेस जीटीकेवरून क्यूटीवर गेला, त्यावर होन्डेलने एक भाषणही दिलंय, ते डेव्हलपरांनी जरूर बघावं. लॉग साठवायला पुढे गिटच वापरलं. म्हणजे तुमच्या डायव्हचा इतिहास आणि त्या इतिहासात तुम्ही नंतर केलेल्या दुरुस्त्यांचाही इतिहास. २००५ चं सक्तीच्या सुट्टीतलं काम २०११ च्या सक्तीच्या सुट्टीतल्या कामाच्या पोटात गेलं. नंतर अँड्रॉइड आणि आयओएसवरही ॲप आलं. आता बहुतेक नवी यंत्रं ब्लूटूथवर बोलतात, बोटीवरच फोनमध्ये डायव्ह उतरते.

आणि एक शेवटचं, कारण ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. युवाटेकची स्मार्ट मालिकेतली यंत्रं केबल वापरायचीच नाहीत, ती इन्फ्रारेडने, आयआरडीए नावाच्या पद्धतीने बोलायची. नव्वदच्या दशकात लॅपटॉपच्या कडेला जी काळी चकचकीत काच असायची, ती. लॅपटॉपांवरून ती काच गेली, वापरणारे गेले, कोडकडे बघणारं कोणी उरलं नाही. २०१८ मध्ये लिनक्स ४.१७ मधून आयआरडीएचा सगळा कोड काढून टाकला गेला. त्या आवृत्तीवर शेवटचा हात फिरवणारा माणूस अर्थातच लिनस टॉरवाल्ड्स. लायब्ररीला त्या यंत्रांची भाषा येते, सबसर्फेसला त्यांचा ग्राफ काढता येतो, पण मधला कर्नल आता त्यांच्याशी बोलत नाही. तुमच्या ओळखीत कोणाकडे तसं जुनं स्मार्ट पडून असेल आणि घरी लिनक्स असेल, तर जुना कर्नल असलेला एखादा लॅपटॉप भंगारात देण्याआधी त्यातल्या डायव्ह उतरवून घ्यायला सांगा.